परसात पाहुणे आलेत!

आज मिल्कवीडच्या पानामागे मोनार्क फुलपाखराची अंडी दिसली, टाचणीच्या टोकाएवढी! शेजारच्या पानावर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुरवंट बिनधास्त चरत होता. कुरतडलेल्या कडेला पांढरा चीक, अगदी रुईसारखा. एकाच कुळातली ना दोघं! नर्सरीतलं लाल-केशरी फुलांचं विदेशी मिल्कवीड दिसतं झकास, पण मी इथलंच, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचं लावलं. टेक्सास-फ्लोरिडात ते विदेशी झाड थंडीतही हिरवं राहतं, पानांवर परजीवी साठतो आणि फुलपाखरं अधू निघतात. देशी बियांचे मात्र नखरे फार! रुजण्यासाठी आधी महिनाभर ओल्या गारव्यात ठेवाव्या लागतात. फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी तो डबा बघून घरच्यांनी काय टोमणे मारलेत! शेजारच्या आजींना मिल्कवीड म्हणजे तण वाटायचं. आज सुरवंट दाखवला, तर म्हणाल्या, मलाही थोडं बी ठेव.