कऱ्हाडचा ‘ऱ्ह’ आणि अकरा वर्षांचा संगणक

दिवाळीच्या तोंडावर, ऐन कामाच्या गर्दीत, माझ्या संगणकावर पडदाभर सूचना आली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. मी ती बंद केली आणि हातातली पत्रिका पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी सूचना पुन्हा हजर.

मी कऱ्हाडला घरूनच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवण्याची कामं करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, वाचनालयाच्या स्मरणिका, क्वचित एखादा कवितासंग्रह. संगणक २०१४ चा आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज ७ होतं. २०१६ च्या जुलैअखेरपर्यंत विंडोज १० फुकट मिळत होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी ते घेतलं. त्या वेळी सगळं सुरळीत झालं, म्हणून आताही तसंच होईल असं मी धरून चालले होते.

भाच्याने येऊन तपासणी केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. माझ्याकडे दोन्ही नाही. तो म्हणाला, “मावशी, ही तपासणी टाळून ११ टाकता येतं, मी करून देतो.” ज्या दुकानातून संगणक दुरुस्त करून घेते, तिथे सल्ला मिळाला की हा भंगारात काढा, नवा घ्या. आणखी एक वाट होती : विंडोज १० साठीच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेण्याची. पण त्याने निर्णय वर्षभर पुढे गेला असता, इतकंच.

मला भीती होती ती लॉकची.

ज्यांनी डीटीपी केलंय त्यांना लॉक म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मराठी टायपिंगच्या माझ्या जुन्या सॉफ्टवेअरबरोबर अंगठ्याएवढं एक यूएसबी उपकरण आलं होतं. ते लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. या लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण ओळखायला लावणारा प्रोग्राम, ३२ बिट या जुन्या प्रकारचा. माझं विंडोज १०ही ३२ बिटचं, कारण आधीचं ७ तसंच होतं. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. म्हणजे टीपीएमची अडचण भाच्याने सोडवली असती, तरी लॉक आडवा आलाच असता.

तरी नुसत्या तर्कावर विसंबायचं नाही असं ठरवलं. आधी हार्ड डिस्कची तब्येत पाहिली, तर तिथे पिवळा इशारा होता, काही सेक्टर खराब झालेले. त्या रात्री झोप लागली नाही. अकरा वर्षांची कामं त्या एका डिस्कवर, आणि बॅकअप म्हणून दोन जुन्या डीव्हीडी. दुसऱ्या दिवशी दोन एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारच्या वेगवान डिस्क, आणल्या. एकीवर जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. दुसरीवर प्रयोग म्हणून ६४ बिटचं विंडोज १० टाकलं आणि लॉक लावला. दिवा लागला नाही, सॉफ्टवेअर उघडलं नाही. प्रयोगाची एसएसडी काढून प्रत काढलेली बसवली, तेव्हा पाच मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात सगळं समोर आलं, लॉकसकट. कुणी मला विचारलंच तर मी हेच सांगेन : प्रयोग वेगळ्या डिस्कवर करा, कामाच्या डिस्कला हात लावू नका.

मग निर्णय झाला. जुना संगणक आहे तसाच ठेवायचा, पण त्याचं इंटरनेट कायमचं तोडायचं. मी स्वतः केबल काढली. मेल, बँक, ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फायली, हे सगळं दुसऱ्या मशीनवर. त्यासाठी आठव्या पिढीचा एक छोटा वापरलेला संगणक सोळा हजारांत घेतला. त्यावर विंडोज ११ व्यवस्थित चालतं. दोघांमधली ये-जा एका पेनड्राइव्हने, आणि तो आधी नव्या मशीनवर तपासायचा.

पण जुनं मशीन काही अमर नाही. उद्या मदरबोर्ड गेला, लॉक तुटला, तर? फॉन्ट नव्या मशीनवर टाकून मजकूर वाचता येईल, पण शोधता येणार नाही. कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ‘क’ हा ‘क’ नसतोच. तिथे कुठलं तरी रोमन अक्षर असतं आणि त्याच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की नुसता कचरा उरतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे ‘क’ची नोंद ‘क’ म्हणूनच होते त्या पद्धतीत, न्यायला लागले, आणि खरं काम इथे सुरू झालं.

सुरुवात वाचनालयाच्या स्मरणिकेपासून केली. कन्व्हर्टरने, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, मिनिटात शंभर पानं बदलून दिली. पहिल्याच पानावर माझ्या गावाचं नाव ‘कर्हाड’ झालं होतं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. ते कन्व्हर्टरने बहुतेक ठिकाणी सांभाळलं होतं, ‘स्थिती’सारखे शब्दही नीट आले होते. पण आपला आडवा, चंद्रकोरीसारखा ‘र’ त्याला माहीतच नव्हता. ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ झाली, ती चूक निदान दिसते तरी. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ मात्र ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाल्या होत्या. आभाराच्या पानावर ‘आचाऱ्यांचे’ हा शब्द ‘आचार्यांचे’ झाला होता. स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार गुरुजनांच्या नावे गेले. दोन्ही शब्द मराठीतले, दोन्ही बरोबर, त्यामुळे एका फटक्यात बदलून टाकायची सोय नाही. प्रत्येक ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी लागते.

दुसरी गोष्ट तिसऱ्या आठवड्यात लक्षात आली. हा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ला हलन्त देऊन. दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाने शोधलं तर दुसऱ्याने लिहिलेलं सापडत नाही. मी पहिला प्रकार पक्का केला आणि आधीची तीन पुस्तकं पुन्हा तपासली.

वाचनालयातल्या बाईंना पहिली फाइल दिली, तेव्हा त्यांनी त्यात आपल्या वडिलांचं आडनाव टाकून शोधलं. चार ठिकाणी सापडलं. त्यांना दोनच ठाऊक होती. उरलेली दोन वर्गणीदारांच्या यादीत, बारीक टायपात. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या.

आत्तापर्यंत सात स्मरणिका झाल्या आहेत. रोज रात्री जेवणानंतर दहा-बारा पानं होतात. जुन्या संगणकावर अजून पत्रिका करतेच, माझी बोटं त्याच कळफलकावर बसलेली आहेत. दुपारी मात्र नव्या मशीनवर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकते. वेग अजून निम्माही आलेला नाही, आणि ‘ऱ’ कुठे आहे ते शोधायला अजून थांबावं लागतं.