ध्यानाचा तास आणि सहा नंबरचा वॉर्ड

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपले नाव छापलेले सरांना आवडणार नाही, म्हणून मी त्यांना नुसते ‘सर’ म्हणतो. आमच्या तुकडीला तेवढे पुरेसे आहे. सर मराठी शिकवीत, दिवाळी अंकांतून जागतिक साहित्यावर लिहीत, शनिवारी आम्हाला ध्यानाला बसवीत आणि रविवारी शाळेच्या व्हरांड्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील लोकांचे अर्ज लिहून देत. या उद्योगांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या वयात आम्हाला वाटत नसे.

ध्यान अगदी साधे होते. सतरंजीवर बसून डोळे मिटायचे आणि नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचे. मंत्र नाही, जप नाही. सर इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर करून आले होते. तेथे मौनाबरोबर वाचन-लेखनालाही बंदी असते, आणि ही दुसरी बंदीच आपल्याला जड गेली, असे ते हसून सांगत. आमच्यापैकी बरेच जण त्या वेळेत डुलक्या काढीत, हे त्यांना ठाऊक होते.

दहावीत असताना एका शनिवारी ध्यान संपल्यावर त्यांनी रशियन लेखक अंतोन चेखवची ‘वॉर्ड नंबर सहा’ ही १८९२ सालची कथा सांगायला घेतली. डॉक्टर रागिन हा वाचनवेडा, सुस्वभावी माणूस. पण मनोरुग्णांच्या घाणेरड्या वॉर्डात पहारेकरी निकिता रुग्णांना झोडपतो, ते ठाऊक असूनही तो काही करीत नाही. उलट, समाधान माणसाच्या आत असते, उबदार अभ्यासिका आणि हा वॉर्ड यांत फरक नाही, असे तो ग्रोमोव या रुग्णाला समजावतो. ग्रोमोव त्याला सुनावतो, की हे तत्त्वज्ञान संत्र्यांचा वास येणाऱ्या ग्रीसमध्ये जाऊन सांगा, इथल्या हवेला ते मानवत नाही. शेवटी रागिनलाच त्या वॉर्डात कोंडतात, निकिताचा मार त्यालाही बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो मरतो. हे लिहिणारा चेखव स्वतः डॉक्टर होता आणि १८९० मध्ये सायबेरिया ओलांडून साखालिन बेटावरील कैद्यांची शिरगणती करून आला होता, हेही सरांनी सांगितले.

मागच्या रांगेतून प्रश्न आला, “सर, मग आपण डोळे मिटून बसतो ते काय वेगळं?”

“हे कोणीतरी विचारावं म्हणूनच गोष्ट सांगितली,” सर म्हणाले. उत्तर मात्र त्यांनी दिले नाही. उद्या येताना पेन आणि कोरे फुलस्केप आणा, एवढेच सांगितले.

त्या रविवारी आलेल्या, कागद वेचणाऱ्या एका मावशींचे शिधापत्रिकेवरील वय त्यांच्या थोरल्या मुलापेक्षा कमी पडले होते. आम्ही हसलो, सर हसले नाहीत. अर्ज एका पानाचा असावा, त्यात ‘गरीब’ आणि ‘कृपावंत’ हे शब्द नसावेत, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच हाती आल्याशिवाय अर्ज दिला असे समजू नये, हे त्यांचे दंडक होते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिल्यावर वेचक स्त्रिया ओळखपत्र घेऊन येऊ लागल्या, तेव्हा सरांना झालेला आनंद आम्ही पाहिला आहे. अर्ज घेऊन आलेला माणूस बोलत असताना सर मध्ये एक शब्दही बोलत नसत, आणि शनिवारच्या सतरंजीचा उपयोग मला तेथे दिसला.

त्यांच्या लेखांपैकी मला अमेरिकन लेखक थोरोवरचा अधिक आवडतो. वॉल्डन तळ्याकाठी एकांतात राहत असतानाच, १८४६ मध्ये, गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारून थोरो कोठडीत गेला. आणि त्याचे ‘वॉल्डन’ हे पुस्तक मराठीत आणणाऱ्या दुर्गाबाई भागवतांनाही आणीबाणीला विरोध केल्याबद्दल तुरुंगवास घडला. हा धागा सरांनी सुरेख पकडला आहे. मात्र थोरोचा कर दुसऱ्याच कोणी भरल्याने तो एका रात्रीत सुटला, हे ते एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

हे लेख जुन्या दिवाळी अंकांत विखुरलेले आहेत आणि त्यांतील काही अंक आता निघतही नाहीत. महोत्सवी वर्षात शाळेने ते एकत्र छापावेत. माझ्याकडील झेरॉक्स प्रती मी शाळेच्या ग्रंथालयात जमा केल्या आहेत. इतरांनीही आपल्याकडील प्रती आणून द्याव्यात, आणि देताना पोच मागून घ्यावी.