ट्रेमेमधला रविवार

न्यू ऑर्लिन्सला आलेला पाहुणा बहुधा बोर्बन स्ट्रीटवर फोटो काढतो आणि शहर पाहिलं म्हणून परततो. चक्कर आम्हीही मारली. निऑनच्या पाट्या, प्लास्टिकच्या ग्लासातली दारू आणि आपल्यासारखेच पर्यटक. खरं शहर भेटतं ते रविवारी दुपारी, ट्रेमेसारख्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत, ‘सेकंड लाइन’ या मिरवणुकीच्या मागे चालताना.

यात पुढे मिरवणूक काढणाऱ्या वस्तीतल्या क्लबचे सभासद आणि बँड. त्यांच्यामागून जो कुणी नाचत येईल, तो सेकंड लाइन. तिकीट नाही, आमंत्रण नाही. आम्ही गेलो त्या दिवशी सभासदांचे सूट, हॅट आणि बूट एकाच केशरी रंगाचे होते, हातात पिसांचे भलेमोठे पंखे. सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती वळसा घेणारा मोठा पितळी भोंगा, वाजवणारा गाल फुगवून असा फुंकत होता, की शेजारच्या गाडीची काच थरथरायची. एक आजी पोर्चच्या पायरीवर बसल्या बसल्याच खांदे उडवत होत्या. मी बुजून कडेला उभा, तर मला म्हणाल्या, “बेबी, उभा काय राहतोस?” इथे सगळेच सगळ्यांना बेबी म्हणतात, पन्नाशीच्या माणसालासुद्धा.

या क्लबांचं पूर्ण नाव ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’. त्यातलं ‘एड’ आधी आलं. गोऱ्यांच्या विमा कंपन्या काळ्यांना दारात उभं करत नसत, तेव्हा या लोकांनी वर्गणी काढून आपसात सोय केली: आजारपणात डॉक्टर, औषध, आणि मेल्यावर वाजतगाजत अंत्ययात्रा. आपली भिशी आणि गणेश मंडळ एकत्र केलं तर जे होईल, साधारण तसं. यंग मेन ऑलिंपियन ही अशीच एक संस्था १८८४ पासून चालू आहे. २००५ च्या कॅटरिना वादळात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, माणसं पांगली. पुढे मिरवणुकीच्या पोलीस बंदोबस्ताची फी भरमसाट वाढली, तेव्हा हे क्लब कोर्टात गेले आणि ती त्यांनी खाली आणवली. नाचगाणं म्हणून याकडे पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

मिरवणूक क्लेबॉर्न अॅव्हेन्यूवरच्या पुलाखाली शिरली आणि आवाज दुप्पट झाला. या रस्त्याच्या मधोमध पूर्वी ओकच्या झाडांच्या रांगा होत्या. आजूबाजूला काळ्यांची दुकानं, सणासुदीला झाडाखाली सहली. १९६६ मध्ये झाडं तोडली आणि वरून हायवे नेला. आता खांबांवर ओकची झाडं रंगवली आहेत, आणि लोक सण साजरा करायला अजून तिथेच जमतात! बँडवाले तर पुलाखाली मुद्दाम रेंगाळतात, काँक्रीट आवाज परत फेकतं म्हणून.

मिरवणुकीबरोबर पिकअप ट्रकही चालतात. मागे शेगडी, त्यावर सॉसेज, बर्फाच्या पेटीत बिअर. मी ‘याकामीन’ घेतलं: नूडल्स, बीफचा रस्सा, वर उकडलेलं अंडं. शाकाहारी मंडळींनी पोटभर जेवूनच निघावं. सोमवारी इथल्या रिवाजाप्रमाणे राजमा-भात मिळेल खरा, पण त्यातही बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस असतं.

हंगाम ऑगस्टअखेरपासून जूनपर्यंत. मिरवणूक तीन-चार तास चालते. तेव्हा बूट चांगले घाला, रोख पैसे ठेवा आणि कॅमेरा नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर धरू नका.