एक किलोचा उपग्रह आणि सांगलीची भाची

सांगलीत विश्रामबागेला राहणारी, नववीत शिकणारी माझी भाची परवा म्हणाली, “मामा, ‘युविका’चा अर्ज भरायचा आहे.” इस्रोने 2019 मध्ये शाळकरी मुलांसाठी सुरू केलेला हा उपक्रम तिने स्वतःच शोधून काढला होता, याचे मला अधिक कौतुक वाटले.

तिला मी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ‘स्वयम्’ची गोष्ट सांगितली. जेमतेम एक किलो वजनाचा हा उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने कक्षेत नेला. त्याची दिशा स्थिर ठेवण्यासाठी वीज खर्च करणारी यंत्रणा न वापरता, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी होकायंत्रासारखे जुळवून घेणारा चुंबक त्यात बसवला होता. (काटकसर आपल्या रक्तातच आहे म्हणायची!) असा उपग्रह तयार होईपर्यंत विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यामुळे पुढच्यांच्या हाती नीट नोंदी सोपवणे हेही अभियांत्रिकीच आहे, असे माझे मत आहे.

2020 नंतर अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि 18 नोव्हेंबर 2022 रोजी स्कायरूट या कंपनीचे ‘विक्रम-एस’ रॉकेट उडाले. भाचीचा प्रश्न मात्र साधा होता : “मामा, वेल्डिंग कुठे शिकवतात?”