मोरपंखी, चौथी फेरी: डिप ‘सी’ जमला, पण ताणल्यावर?

मंडळी, काल दुपारी कुरियरने चौथ्या फेरीचे लॅब डिप (रंगवणाऱ्याकडचे नमुन्याचे छोटे तुकडे) आले आणि त्यातला ‘सी’ जमलाय! उत्तरेच्या खिडकीत घरी रंगवलेल्या मूळ तुकड्याला खेटून ठेवला, तर दोन कापडांमधली रेघच दिसेना. आज पहाटे पोहण्याच्या टँकवर नेला, तिथल्या दिव्यांखालीही तो फुटला नाही, म्हणजे मुळापासून वेगळा दिसला नाही. तीन महिन्यांत हे पहिल्यांदा घडलं.

मागची फेरी ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या सकाळच्या बॅचमधल्या आठ जणींसाठी पोहण्याचे कॉस्च्युम शिवतेय. कापड नायलॉन-स्पॅन्डेक्स ऐंशी-वीस, १९० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १९० ग्रॅम. रंग माझ्या आजीच्या पैठणीचा. पहिली चूक इथेच होती. ती पैठणी धूपछाव आहे, उभा धागा निळा आणि आडवा हिरवा. कोन बदलला की रंग बदलतो, म्हणजे ‘हा रंग’ म्हणून बोट ठेवावं असा एक रंग तिच्यात नाहीच. नेसल्यावर खांद्यावर जो दिसतो तो मी शेवटी धरला आणि पँटोन कंपनीच्या शेडबुकातून त्याच्या जवळचा टीसीएक्स नंबर काढला.

गेल्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं होतं की नंबर दिला की झालं ना? सांगते. पँटोनच्या कापडी नंबरात पहिले दोन आकडे फिकं-गडद सांगतात, मधले दोन रंगाची जात आणि शेवटचे दोन त्याचा तजेला. उदाहरणार्थ १५-५५१९ म्हणजे टर्क्वाइज, २०१० चा ‘कलर ऑफ द इयर’. पण मागे लागणारी अक्षरंही तितकीच महत्त्वाची. टीसीएक्स म्हणजे रंगवलेलं सुती कापड, टीपीजी म्हणजे कागद, आणि नुसता ‘सी’ (आपल्या डिपचा नव्हे) किंवा ‘यू’ म्हणजे छपाईची शाई. पहिल्या फेरीत मी शाईचा नंबर पाठवला होता, सोबत फोनवर काढलेला फोटो. फोटो तर पाठवूच नका. प्रत्येक स्क्रीन वेगळी, आणि मोरपंखी-टर्क्वाइजच्या पट्ट्यातले बरेच रंग साध्या स्क्रीनच्या आवाक्याबाहेर असतात. रंग ओळखणारी फोनची अ‍ॅप्स तर मी काढूनच टाकली.

आता तिसऱ्या फेरीचं दुखणं. कापड रंगवून देणाऱ्या डायरवाल्या काकांनी मशीनवर मोजून पाठवलेला डिप डी६५ उजेडात (दिवसाच्या उजेडाचं ठरलेलं प्रमाण) डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतला मोजलेला फरक, ०.८ वर होता. एकच्या आत म्हणजे बहुतेक ठिकाणी पास. माझ्या खिडकीतही छान दिसला. टँकवर नेला आणि तो सरळ हिरवा झाला, अगदी पोपटाच्या पंखासारखा. माझं मूळ मात्र तिथेही निळसरच. त्या दिवशी मी पोहलेच नाही, दोन तुकडे हातात घेऊन काठावर बसून राहिले.

हे मेटामेरिझम. दोन कापडं एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, कारण डोळ्याला रंग एकच दिसला तरी प्रकाश गिळण्या-परतवण्याचा त्यांचा आलेख वेगळा असतो. आणि माझ्या बाबतीत तो वेगळा असणारच होता. शेडबुकातला तुकडा सुती, माझं कापड नायलॉन. नायलॉनला अ‍ॅसिड डाय, म्हणजे आम्लात चढणारे रंग, लागतात, सुतीला ते बसतच नाहीत. वेगळ्या जातीच्या रंगांनी एकच छटा गाठायची म्हटली की ती कुठल्यातरी एका उजेडापुरती गाठली जाते. त्यात नायलॉनची चमक निराळी. काकांचं काहीच चुकलं नव्हतं. मी दिलेलं लक्ष्यच चुकीच्या धाग्यावर होतं.

म्हणून चौथ्या फेरीआधी लक्ष्य घरीच रंगवलं, त्याच नायलॉनवर. दहा-दहा ग्रॅमचे तुकडे, एक टक्का ताकदीची द्रावणं, सुई काढलेली सिरिंज. दहा ग्रॅमला एक टक्का शेड म्हणजे दहा मिली, हिशोब सोपा राहतो. शेवटी जमलेलं माप: टर्क्वाइज बारा मिली, पिवळा दीड, नेव्ही एक. चाळीस अंशांपासून सुरुवात करून मिनिटाला एक अंश वर, नव्वदच्या आसपास अर्धा तास, व्हिनेगर दोनदा विभागून. घाई केली तर नायलॉन रंग एकदम ओढून घेतं आणि पट्टे पडतात. पहिले चार तुकडे तसेच गेले. नेव्हीचा तो एक मिली घातला तेव्हा रंग खोल झाला, पैठणीच्या पदरासारखा. तो तुकडा पातेल्यातून वर काढतानाचा क्षण मी विसरणार नाही.

दिव्यांसाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीत दोनदा फेरी झाली. इथे एक गोष्ट ठासून सांगते: दिव्याच्या खोक्यावर ६५०० के (केल्विन) लिहिलंय म्हणजे तो डी६५ नव्हे. ते फक्त पांढरा उजेड किती पिवळट-निळसर आहे त्याचं माप आहे. डी६५ मध्ये दिवसाच्या उजेडाचा पूर्ण आलेख धरलेला असतो, अतिनीलसकट. स्वस्त एलईडीत लाल कमी असतो आणि मोरपंखी लगेच हिरवट वाटायला लागतो. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) नव्वदच्या वरचा दिवा मागा. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. दुसरा दिवा मी मुद्दाम टँकवरच्यासारखाच घेतला, ४००० के, कारण आमच्या टँकला छत आहे आणि कॉस्च्युम पहाटे तिथेच दिसणार.

काकांना या वेळी नंबर दिलाच नाही. घरी रंगवलेला तुकडा, त्यातल्या तिन्ही रंगांची नावं आणि एक पानभर मजकूर दिला. पहिला उजेड डी६५, दुसरा ४००० के एलईडी, दोन्हीत जुळायला हवं. कापड दुहेरी घडी करून बघायचं, खालचं टेबल दिसता कामा नये. निळ्याकडे किंचित झुकलं तर चालेल, हिरव्याकडे अजिबात नाही. ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची ठरली. नुसता डेल्टा ई किती चुकलं ते सांगतो, कुठल्या बाजूला ते सांगत नाही. काकांनी जवळपास त्याच रंगांतून रेसिपी बांधली, त्यामुळे आलेखच जवळ आले आणि ‘सी’ दोन्हीकडे टिकला.

ओला करूनही पाहिला. पाण्याने धाग्यांमधली हवेची जागा भरली की प्रकाश कमी विखुरतो आणि रंग गडद दिसतो. मूळ आणि डिप सारखेच गडद झाले, म्हणजे ती चिंता मिटली.

राहिलं ताणणं. जुन्या कॉस्च्युमवर दहा सेंटीमीटरची रेघ काढून घालून पाहिलं: छातीवर आडवी साडेबारा झाली, उभी अकरा. म्हणजे अंगावर कापड आडवं पंचवीस टक्के ताणलेलं असतं. स्पॅन्डेक्स अ‍ॅसिड डाय नीट धरत नाही, त्यामुळे ताण आला की आतले फिके धागे वर डोकावतात. ‘सी’ भरतकामाच्या रिंगेत तेवढाच ताणला, तर मोरपंखी विटला. माझा घरचा तुकडाही विटला, म्हणजे दोघं अजून जुळतात, पण आठ जणी तो विटलेलाच रंग घालणार.

आतापर्यंत माझा बेत ‘सी’ला होकार कळवून दोन किलो कापडाचा लॉट रंगायला लावायचा होता. अस्तर पांढऱ्याऐवजी गडद घेतलं तर थोडं झाकेल, असं मनात होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की लक्ष्यच ताणलेलं का पाठवू नये? कापड पंचवीस टक्के ताणून अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर मागून चिकटवायचं आणि तोच नमुना. काकांनी डिपही तसाच ताणून मशीनवर धरायचा. मग न ताणलेलं कापड टेबलावर एक पायरी गडद दिसेल, दिसू दे. त्यासाठी घरी अजून एक फेरी लागेल, टर्क्वाइज चौदा मिली, नेव्ही दीड, पिवळा तेवढाच. पिवळा वाढवला तर हिरवं होईल.

अस्तराचा निर्णय त्यानंतर. दोरा मात्र घेतलाय, रविवार पेठेतून, शेडकार्डावर कापडापेक्षा अर्धी पायरी गडद, कारण शिवणीत दोरा फिकाच दिसतो. क्लोरीनसाठी ‘सी’चा अर्धा तुकडा टँकच्या पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवलाय, पाणी रोज बदलतेय. ग्रे स्केलवर (रंग किती उतरला ते बघायची एक ते पाचची करडी पट्टी, पाच म्हणजे जराही नाही) चारच्या खाली आला तर टर्क्वाइजच बदलावा लागेल.

आत्ताच काकांना फोन केला. ताणून मोजायचं म्हटल्यावर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, “पट्टी पाठवा ताई, पण दोन पाठवा. एक मी दिव्याखालीच ठेवतो.” लॉट थांबवलाय. अ‍ॅक्रिलिक उद्या कापून आणते.