‘अप’ खाऊ नका

सांगलीत ‘पिकअप’ रोजच्या तोंडातला शब्द. फाट्यावर एसटीची वाट बघत थांबायचं ते पिकअप शेड, तासगावहून द्राक्षांच्या पेट्या भरून निघते ती पिकअप, आणि जुन्या मोटारसायकलला चढावर नसतो तोही पिकअपच. इथे इंग्लंडात मात्र हा शब्द भेटतो तो बहुतेक क्रियापद म्हणून, आणि दर वेळी वेगळ्या अर्थानं.

आपली सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यातलं ‘अप’ खाणं. ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’, ‘आय विल पिक यू फ्रॉम स्टेशन’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. इथल्या कानाला नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणं किंवा तोडणं. ‘आय विल पिक यू’ म्हणजे ‘मी तुझी निवड करीन’. वेलीवरचा घड कात्रीनं काढला की ‘पिक’. खाली पडलेला घड उचलला की ‘पिक अप’. एवढा फरक ते ‘अप’ करतं.

दुसरी अडचण क्रमाची. नाम असेल तर ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’ दोन्ही बरोबर. पण ‘इट’, ‘हिम’, ‘यू’ असेल तर ते मधेच बसवायचं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ कधीच नाही. बोलताना हे तीन शब्द जोडून ‘पिकिटप’ असे येतात, जोर शेवटच्या ‘अप’वर. म्हणून नवीन माणसाला शब्द माहीत असूनही ऐकताना कळत नाही. घरून निघण्याआधी ‘पिकिटप’, ‘पिक्युअप’, ‘पिकिमप’ असे दहा-वीस वेळा मोठ्यानं म्हणून बघा. कान लवकर तयार होतो.

अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा आपलं ‘उचलणं’ हाताशी धरा. निम्मं काम तेच करतं. फोन उचलणं, पोलिसांनी उचलणं, मुलांनी शिव्या पटकन उचलणं, हे सगळं ‘पिक अप’च. रस्त्यानं पाय ओढत चालणाऱ्या पोराला आपण ‘पाय उचल’ म्हणतो, इथली आईही ‘पिक युअर फीट अप’ म्हणते.

फसगत होते ती उरलेल्या निम्म्यात. ‘दुकानातून उचललं’ म्हणजे आपल्याकडे चोरी. इथे ‘आय पिक्ड अप सम मिल्क’ म्हणजे जाता जाता दूध विकत घेतलं, बस. चोरीसाठी ‘शॉपलिफ्टिंग’ हा वेगळा शब्द आहे. उलट बाजूनं, कारखान्याची पहिली उचल किंवा ऊसतोडीला मुकादमाकडून मिळणारी उचल ‘पिक अप’मध्ये बसत नाही, पगारातून आधी पैसे हवे असतील तर ‘अ‍ॅडव्हान्स’च म्हणा. आणि जेवणानंतर कोणी ‘आय विल पिक अप द बिल’ म्हणालं, तर तो बिल नुसतं हातात घेणार नाही, पैसे भरणार आहे.

मिरजेत नर्सिंग करून इकडे येणाऱ्यांनी पुढचं नीट लक्षात ठेवावं. ‘शी हॅज पिक्ड अप अॅन इन्फेक्शन’ म्हणजे तिला संसर्ग झालाय. ‘शी इज पिकिंग अप’ म्हणजे ती सुधारतेय. एकाच वॉर्डात, एकाच क्रियापदाचे दोन उलटे अर्थ. ओळखायची खूण अशी: पुढे कर्म असेल तर काहीतरी मिळालं, लागलं किंवा सापडलं, कर्मच नसेल तर बहुधा सुधारणा किंवा वाढ. धंदा, वारा, तब्येत, वेग यांच्याबद्दल कर्माशिवाय येतं, आपण ‘बाजारानं उचल खाल्ली’ म्हणतो तसंच. अपवाद फोनचा: ‘शी डिडंट पिक अप’ म्हणजे तिनं फोन घेतला नाही. ‘द स्कॅन पिक्ड अप अ शॅडो’ म्हणजे स्कॅनमध्ये डाग दिसला. ‘कॅन यू पिक अप अ शिफ्ट?’ म्हणजे जादा पाळी करशील का. हो म्हणण्याआधी वार आणि वेळ विचारून घ्या. मागे ‘ऑन’ लागलं तर अर्थ बारीक गोष्ट हेरणं असा होतो, आणि तिथे ‘इट’ मधे जात नाही: ‘पिक अप ऑन इट’.

एक शब्दप्रयोग जपून वापरा. ‘आय पिक्ड अप अ गर्ल अॅट द स्टेशन’ याचा अर्थ अनोळखी मुलीला पटवलं असा घेतला जातो. बहिणीला घेऊन आलात तर तसं स्पष्ट म्हणा: ‘आय पिक्ड माय सिस्टर अप’. विमानतळावर न्यायला कोणी येणार असेल तर जागाही नीट ठरवा. हीथ्रोवर टर्मिनलच्या दारातली ‘ड्रॉप-ऑफ’ची जागा फक्त सोडायला असते, न्यायला आलेल्यानं गाडी ‘शॉर्ट स्टे’ कार पार्कमध्ये लावायची.

लिहिताना शंका आली तर ‘कलेक्ट’ हा शब्द बिनधोक. शाळेच्या कागदांवर बहुधा तोच असतो: मुलाला ‘कलेक्ट’ करायला कोण येणार. तिथे घरातल्या मोठ्या माणसाचं पूर्ण नाव आणि नातं लिहायचं, नुसतं ‘आजी’ लिहून चालत नाही.