जिंकलेल्या दोन लाखांचं रिटर्न

वाळूज एमआयडीसीत क्रिकेटची मोठी स्पर्धा चालू असली की कंपनीच्या बसमध्ये दोनच विषय असतात. ओटी (ओव्हरटाइम) आहे का, आणि फँटसी क्रिकेटच्या ॲपवर पैसे लावून टीम लावली का. मीही लावायचो. 29 जून 2024 ला बार्बाडोसला टी-20 वर्ल्ड कपची फायनल होती. त्या स्पर्धेत तोवर सात डावांत मिळून 75 धावा केलेल्या विराट कोहलीला मी कॅप्टन केलं आणि अक्षर पटेलला व्हाइस कॅप्टन. लाइनवरच्या पोरांनी वेड्यात काढलं. कोहलीने 76 मारल्या, अक्षरने 47. कॅप्टनचे पॉइंट दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. मॅच संपली तेव्हा ॲपच्या वॉलेटमध्ये दोन लाख रुपये होते.

जिंकलो कसा, हे एवढंच. पुढच्या वर्षी त्या दोन लाखांचं इन्कम टॅक्स रिटर्न भरताना जे समोर आलं ते सांगायचंय, कारण आमच्याकडे या बाबतीत एकाचं एकाला पटत नाही आणि खात्रीने सांगणारे सगळे बसमधलेच.

पैसे काढले तेव्हा बँकेत आले 1,44,200. म्हणजे 55,800 कापलेले. हिशेब असा: त्या आर्थिक वर्षात मी त्या ॲपवर 14,000 टाकले होते. काढलेल्या दोन लाखांतून ते वजा करून राहिले 1,86,000, आणि त्यावर 30 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स. ही पद्धत 1 एप्रिल 2023 पासून आली, तेव्हाच्या 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम 194 बीए. लॉटरीला टीडीएस कापायला दहा हजारांची मर्यादा आहे, ऑनलाइन गेमला तशी मर्यादा या कलमात नव्हती. वॉलेटमधून पैसे काढले की कापायचं, आणि न काढता तसेच ठेवले तर 31 मार्चला कापायचं.

बसमधलं एकमत होतं की टॅक्स कापला गेला, विषय संपला. पण तसं नसतं. वर्षभरात आपल्या नावावर 25,000 किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल, तर पगार करपात्र असो नसो, रिटर्न भरावंच लागतं. आणि माझा पगार पाहिला तर एरवी मी टॅक्सच्या वाऱ्यालाही उभा नाही. वर्षाला 4,60,000. 2024-25 च्या नव्या करपद्धतीत 75,000 स्टँडर्ड डिडक्शन गेलं की 3,85,000 उरत होते, त्यावर जो चार-साडेचार हजार टॅक्स निघत होता तो कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या 87 ए च्या सवलतीत शून्य होत होता.

जून 2025 मध्ये कंपनीने फॉर्म 16, म्हणजे पगाराचा आणि त्यावरच्या टॅक्सचा दाखला, दिला. त्यात अर्थातच जिंकलेल्या पैशाचा उल्लेख नव्हता, कंपनीला ते माहीत असायचं कारण नाही. मी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन 26 एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सचा उतारा, उघडला. तिथे मात्र गेमवाल्या कंपनीचं नाव, 194 बीए, रक्कम, तारीख, कापलेले 55,800, सगळं मांडून ठेवलेलं. एआयएसमध्ये, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांच्या खात्याकडच्या नोंदीतही तेच. म्हणजे खात्याला आधीच ठाऊक आहे, आपण फक्त सांगायचं बाकी.

आता रिफंडवाल्याकडे येतो. वाळूज, रांजणगाव, बजाजनगर या भागात जून-जुलैत रिटर्न भरून देणारे जागोजाग बसतात. झेरॉक्सच्या दुकानात, मोबाईल रिचार्जच्या काउंटरवर, एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. त्यातल्या एकाची आमच्या लाइनवर चांगली ख्याती होती. "टीडीएस पूर्ण परत, दहा टक्के माझे" हा त्याचा भाव. लाइनवरच्या एका जोडीदाराबरोबर मीही गेलो. त्याने लॅपटॉपवर माझा पगार टाकला, मग इतर उत्पन्नाच्या साध्या रकान्यात 1,86,000 टाकले. एकूण 5,71,000. सात लाखांच्या आत, म्हणून टॅक्स शून्य. स्क्रीनवर खाली हिरव्या अक्षरांत आलं: रिफंड 55,800.

खरं सांगायचं तर तो आकडा मी बराच वेळ पाहत राहिलो. आबांच्या मोसंबीच्या बागेचं ठिबक बदलायचं होतं, त्याला एवढेच लागत होते.

पण मी विचारलं, हे जिंकलेले पैसे आहेत असं कुठे लिहिलं? तो म्हणाला, "लिहायचं काहून? उत्पन्न दाखवलं ना पूर्ण. लपवलं का काही?" याला म्हणतात मुरलेला माणूस. लपवलेलं काहीच नव्हतं, फक्त रकाना दुसरा होता. मी आयडी-पासवर्ड न देता उठलो. जोडीदाराने त्याचं रिटर्न तिथेच भरलं. त्याचेही सव्वीस-सत्तावीस हजार कापले गेले होते.

त्याच जुलैत खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर इन्कम टॅक्स खात्याने देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केल्याची बातमी आली. आमच्या रिफंडवाल्याचं टेबल दोन दिवस रिकामं होतं, मग पुन्हा लागलं.

मी बजाजनगरातल्या एका सीए मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सगळं मोडीत काढलं. ऑनलाइन गेममधून जिंकलेल्या पैशाला त्या कायद्यात स्वतंत्र कलम होतं, 115 बीबीजे. दर सरळ 30 टक्के. स्लॅब नाही, तेव्हाची तीन लाखांपर्यंतची माफी नाही, कुठली वजावट नाही. 87 ए ची सवलत पगारावरच्या टॅक्सला लागेल, या 30 टक्क्यांना लागणार नाही. लॉटरी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते, पैज यांना 115 बीबी, तिथेही हाच दर. वर टॅक्सच्या रकमेवर 4 टक्के सेस, म्हणजे उपकर.

सेसची गंमत मला तिथे कळली. कंपनी कापते ते नुसते 30 टक्के, सेस कापत नाही. 55,800 चे 4 टक्के, 2,232. म्हणजे ज्या रिटर्नमध्ये रिफंडवाला 55,800 परत आणत होता, त्याच रिटर्नमध्ये नियमाने मलाच 2,232 द्यायचे निघाले. पोर्टल दहाच्या पटीत करतं, म्हणून 2,230.

मी म्हणालो, मॅडम, त्याच वर्षी रमीच्या ॲपवर माझे 38,000 गेलेत. ते वजा होतील ना? खरी कमाई 1,48,000 च आहे.

नाही होत. ज्या ॲपवर जिंकलो त्याच ॲपवर टाकलेले पैसे वजा होतात, आणि ते टीडीएसच्या हिशेबातच झाले. दुसऱ्या ॲपवरचं नुकसान इथे लागत नाही, पगारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. रमीला सुप्रीम कोर्टाने 1967 सालीच कौशल्याचा खेळ ठरवलंय हे मी कुठेतरी वाचलं होतं, ते काढून पाहिलं. मॅडम हसल्या. टॅक्सच्या या कलमांना कौशल्य आणि नशीब हा भेदच नाही, खेळ कुठलाही असो.

यावर आमचा थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, हारलेले पैसे वजा करायची मुभा दिली तर मार्चमध्ये हारल्याच्या पावत्या विकत मिळायला लागतील. मटक्याच्या आणि तिर्रट या पत्त्यांच्या जुगाराच्या बाबतीत हे शंभर टक्के पटतं, तिथे पावती कोण देतो? पण ऑनलाइन खेळात प्रत्येक रुपया यूपीआयने गेला, पॅनला जोडलेला. जिंकलेलं जेवढं पक्कं नोंदलेलं, हारलेलंही तेवढंच. शिवाय ऑक्टोबर 2023 पासून पैसे टाकतानाच 28 टक्के जीएसटी होता. जाताना तो, येताना 30 टक्के. टॅक्स घ्यावा याबद्दल माझी तक्रार नाही. लाइनवर बारा तास उभं राहून मिळवलेल्या ओटीवर टॅक्स लागू शकतो, तर कोहलीच्या जिवावर मिळालेल्या पैशावर का लागू नये? पण एकाच वर्षातली दोन ॲपची बेरीज-वजाबाकी मान्य करायला हरकत नसावी, असं माझं मत आजही आहे. मॅडमचं नाही.

आता रिटर्न. पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-1 इथे चालत नाही. आयटीआर-2 लागतो, आणि त्या वर्षी तो पोर्टलवर जुलैच्या मध्यानंतर आला. मॅडमच्या ऑफिसातल्या मुलीने भरला, मी शेजारी बसून पाहिला. शेड्यूल ओएसमध्ये, म्हणजे इतर उत्पन्नाच्या भागात, 115 बीबीजे ची वेगळी ओळ होती. तिथे 1,86,000 टाकले की शेड्यूल एसआयमध्ये, म्हणजे वेगळ्या दराने टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नाच्या भागात, 30 टक्के आपोआप येतात. त्याच ओएसच्या तळाला एक तक्ता असतो, पैसे वर्षाच्या कोणत्या टप्प्यात मिळाले याचा. 15 जूनपर्यंत, 16 जून ते 15 सप्टेंबर, असे पाच रकाने. माझे दुसऱ्यात गेले. तो तक्ता रिकामा ठेवला किंवा बेरीज जुळली नाही तर फॉर्म पुढे सरकत नाही, असं तिने सांगितलं. मग टीडीएसच्या शेड्यूलमध्ये 55,800, आणि ते इतर उत्पन्नातले आहेत हे निवडायचं. उरलेले 2,230 ई-पे टॅक्समधून सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः हिशेब करून भरायचा टॅक्स, म्हणून यूपीआयने भरले. चलनाचा नंबर आणि त्यावरचा बँक शाखेचा बीएसआर कोड रिटर्नमध्ये टाकला. देणं दहा हजारांच्या आतलं, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच भरायचा टॅक्स, न भरल्याचं व्याज लागलं नाही.

तेवढ्यात पोळा आला आणि फाइल सबमिट करायची ठेवून मी गावाकडे गेलो, घनसावंगी तालुक्यात. 22 ऑगस्ट 2025, पोळ्याचा दिवस. त्याच दिवशी ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. लोकसभेत 20 ला, राज्यसभेत 21 ला मंजूर, 22 ला सही. ॲप उघडलं तर पैशाच्या कॉन्टेस्ट बंद, वॉलेटमधली शिल्लक काढून घ्या अशी सूचना. पारावर त्याचीच चर्चा. महिन्याभरापूर्वी विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला होता, मंत्र्यांनी इन्कार केला, पण महिनाअखेरीस कृषी खातं बदललं होतं. ती आठवण काढून लोक हसत होते.

चुलत भाऊ म्हणाला, "आता खेळच बंद झाला, टॅक्सबी माफ असंल." माफ कसला? टॅक्स 2024-25 च्या कमाईवरचा. त्याला स्वतःची काळजी होती. त्याचे साठ हजारांवर अठरा हजार कापले होते, आणि त्याचं उत्पन्न म्हणजे निव्वळ कापूस आणि तूर. शेतीला टॅक्स नाही, मग हे अठरा हजार परत मिळतील असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. त्याला समजावताना माझा घसा बसला. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहेच, पण त्याने जिंकलेल्या पैशाचे 30 टक्के कमी होत नाहीत.

आबांनी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावता लावता सगळं ऐकलं. म्हणाले, "जव्हा हारला तव्हा सरकार आलं होतं का अर्धे द्यायला?" मग थोड्या वेळाने त्यांनीच दुसरा प्रश्न टाकला. "आन् जत्रेत तिर्रटवर लाख लाख उचलतात, ते भरतात का टॅक्स?"

कायद्याने त्यांनीही भरायचा आहे. जुगार बेकायदा, 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात गुन्हा, म्हणून उत्पन्न करातून सुटत नाही. पोलिसांची कारवाई वेगळी आणि कर वेगळा. पण पत्त्याच्या डावावर पॅन कोण मागतो? कर भरतो तो ज्याची नोंद झाली तो. आबांना हे उत्तर पटलं नाही, आणि खरं तर देताना मलाही फारसं पटत नव्हतं.

गावाहून येऊन रिटर्न सबमिट केलं, आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय केलं. मुदत आधीच 31 जुलैवरून 15 सप्टेंबर झाली होती, शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढली. त्या गर्दीत मी नव्हतो हे बरं. काही दिवसांनी 143 (1) ची सूचना, म्हणजे खात्याने रिटर्न पडताळल्याचा निरोप, मेलवर आली. डावीकडे मी दाखवलेले आकडे, उजवीकडे खात्याने काढलेले, दोन्ही ओळीने सारखे. देणं शून्य, घेणं शून्य. फॉर्म 16 ए (गेमवाल्या कंपनीचा टीडीएसचा दाखला), ॲपवरचं वर्षभराचं स्टेटमेंट, चलन आणि ही सूचना एका पिशवीत घालून ठेवलीय.

जोडीदाराचा रिफंड माझ्या सूचनेच्या आधीच आला. पूर्ण. दहा टक्के रिफंडवाल्याला देऊन उरलेल्यात त्याने गाडीचे दोन्ही टायर बदलले आणि बायकोला मोबाईल घेतला. अजून त्याला काही आलेलं नाही. मी मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, या रिटर्नला छाननीची नोटीस यायची मुदत 30 जून 2026 पर्यंत होती, आणि जुनं प्रकरण उघडायचं ठरवलं तर खात्याकडे त्यानंतरही वेळ असतो. चूक स्वतःहून दुरुस्त करायची तर सुधारित रिटर्नला 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत होती, त्यानंतर अपडेटेड रिटर्न आणि त्यावर 25 टक्क्यांपासून पुढे जादा रक्कम. मी हे सगळं त्याला बसमध्ये सांगितलं. तो म्हणाला, "बघू, दिवाळीचा बोनस आल्यावर."